कौलाचा तुकडा

आधी मी बर्फ चघळायचे.
फ्रीजमधला ट्रे दुपारपर्यंत रिकामा,
आणि धाकटी विचारायची, आई, सरबत कोणी केलं?
मग उकडे तांदूळ, कच्चेच, निवडता निवडता.
मग एके दिवशी न्हाणीच्या मागे
फुटक्या कौलाचा तुकडा दिसला, पाण्याने भिजलेला,
आणि त्याच्या वासाने
माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

हे मी कोणाला सांगितलं नाही.
त्रेचाळीस वर्षांच्या बाईने कौल खाणं
ही काय सांगायची गोष्ट?

सावर्ड्यात आमच्या अंगणाला रंग एकच.
टिपर येत-जात होते, तेव्हाची धूळ
खाणी बंद पडल्या तरी
कपाटाच्या माथ्यावरून निघालेली नाही.
नवऱ्याचा ट्रक निरफणसाखाली उभा आहे,
चाकांवर कारल्याची वेल. कारली चांगली येतात.

बाजारातून चढ चढताना मी दोनदा थांबायचे.
एकदा पोदेराच्या दुकानाशी, पाव घ्यायचा म्हणून.
दुसऱ्यांदा कशासाठीच नाही.
रात्री पाय अंथरुणातल्या अंथरुणात चालायचे,
नखं पळीसारखी खोलगट झाली होती,
आणि मोरीच्या जाळीवर केसांचा गुंता, रोज.
सासूबाई म्हणाल्या, दिश्ट लागली.
नणंद म्हणाली, वय.
मी म्हणाले, काम.

लॅबमधल्या आग्नेलने नळी उजेडात धरली,
“वयनी, हें रगत काय सोलकडी?”
आणि हसता हसता थांबला.
सहा पूर्णांक आठ.

डॉक्टर कुतिन्होंनी कागद बाजूला ठेवला,
माझी खालची पापणी ओढली.
आतून पेरूसारखी पांढरी, म्हणाल्या.
मग विचारलं, पाळी किती दिवस?
आठ. कधी दहा.
मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं,
सगळ्याच जणी काळोखात उठून चादर धुतात.
सोनोग्राफीत गाठ निघाली, आंबाड्याएवढी.

आणखी काय खाता?
कसं कोण जाणे, मी कौलाचं सांगून टाकलं.
त्या हसल्या नाहीत.
कोणी भिंत खातं, म्हणाल्या, कोणी खडू.
रक्तातलं लोखंड संपलं की होतं असं.

पण डॉक्टर, आमच्या मातीत तर लोखंडच आहे.
बार्जी भरभरून नेलं की, माझ्या डोळ्यांदेखत.

आहे. पोटाला ते घेता येत नाही.
उलट जेवणातलं जे मिळायचं
तेही माती धरून ठेवते.
आणि जेवणावर लगेच चहा घेता ना? तो बंद.

घरी येताना बसमध्ये मी
जुवारीवरच्या त्या बार्जी आठवत बसले:
आख्खा डोंगर दारावरून गेला
आणि माझ्या वाट्याला चमचाभर नाही.

गोळ्या रिकाम्या पोटी, लिंबाच्या पाण्याबरोबर.
तोंडात नाण्याची चव, पोटात पीळ,
आणि संडासात बघून मी घाबरले, डांबरासारखं काळं.
सहाव्या दिवशी पाकीट कणगीमागे टाकलं.
डॉक्टर रागावल्या, मग म्हणाल्या, एक दिवसाआड घ्या.
तरी आकडा हलेना, गाठ रोजचं मागत होती.
शेवटी मडगावला सलाईन लावलं:
बाटलीतलं लोखंड
थेट काळ्या चहाच्या रंगाचं.
बाजूच्या खाटेवर बेर्नादेत, मासे विकणारी, तिच्या हातालाही तेच.
म्हणाली, तिसऱ्यो खा गो, तांबडी भाजी खा,
पूण गुळयो सोडूं नाका, हांवें सोडल्यो, पळय.

आता दहा पूर्णांक नऊ.
गाठीचं ऑपरेशन चवथीनंतर,
गोळ्या त्यानंतरही काही महिने.
कौलाचा तुकडा खिडकीत ठेवला होता,
परवा ओला करून हुंगला.
नुसतं कौल.

आणि काल चढ चढून मी घरी पोचले,
चपला काढल्या, पदराने वारा घ्यायला हात उचलला,
तर घाम नाही, धाप नाही.
पिशवीत पावही नाही.
पोदेराच्या दुकानाशी थांबायचं
विसरलेच होते.
परत गेले.